दोनदा ब्रेक दाबायचा: राजूर घाटातला ड्रायव्हर नीलगिरीच्या डोंगरगाडीत

मी बावीस वर्षं बुलढाणा-मलकापूर काळी-पिवळी जीप चालवली आणि मला घाटाची भीती वाटते. हे वाक्य मी फोनमध्ये बोललो तेव्हा टाइप झालेलं वाचून माझ्या लेकीनं, स्वातीनं, विचारलं, "बाबा, हे ठेवायचं?" ठेव म्हटलं. उटीच्या डोंगरगाडीत बसावंसं वाटतं, पण नुसतं चित्र बघूनच पोटात गोळा येतो, अशा लोकांसाठी मी हे लिहितोय. शूर लोकांसाठी दुसरे ब्लॉग भरपूर आहेत, त्यांनी तिकडं जावं.

हा ब्लॉग स्वातीनंच काढून दिला. मी बोलतो, फोन लिहितो, ती शुद्धलेखन बघते. आतापर्यंत मी ढाब्यांवर आणि रस्त्यांवर लिहिलं, तेही सपाट रस्त्यांवर. कुणी घाटाबद्दल विचारलं की उत्तर द्यायचं टाळायचो.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या जिल्ह्यात नवीन माणूस भेटला की विचारतात, घाटावरचे का घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद घाटाखाली. रेल्वेही घाटाखाली. म्हणजे बुलढाण्याच्या माणसाला आगगाडी पकडायची तर आधी राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. माझं पोट त्यावरच चाललं. घाटाच्या माथ्यावर, पहिल्या वळणाआधी, रस्त्याच्या कडेला एक शेंदूर लावलेला दगड आहे. जुने ड्रायव्हर तिथं गाडी उभी करायचे, हात जोडायचे आणि दोनदा ब्रेक दाबून बघायचे. मग उतरायला लागायचं. माझे उस्ताद सांगायचे, एखाद्या दिवशी देव विसरलास तर तो माफ करील, ब्रेक करणार नाही.

नऊ वर्षांमागं एका सकाळी मी तिथं थांबलो नाही. जीपमध्ये दहा जण होते. सगळ्यांना मलकापूरची गाडी पकडायची होती, निघायलाच उशीर झाला होता आणि मागून सारखं "चला हो, गाडी सुटते" चाललं होतं. त्या दहांत माझी बायको कमलही होती, मधल्या सीटवर. दगड आला तसा मागं गेला. तिसऱ्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला तर पाय सरळ खाली गेला. गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि जीप डोंगराच्या अंगाला घासत नेऊन नालीत घातली. कुणी दगावलं नाही. कमलचं उजवं मनगट मोडलं आणि ते जरा वाकडंच बसलं. तेव्हापासून आमच्या घरची भाकरी एका बाजूला जाड असते.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं. दरीकडं न जाता गाडी डोंगराला लावली, दहा जीव वाचवले, म्हणून स्टँडवर शाल-नारळ देऊन सत्कार केला. मी शाल घेतली. माथ्यावर थांबून दोनदा पाय दिला असता तर ब्रेक गेलाय हे तिथंच कळलं असतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. कमललासुद्धा नाही. महिन्याभरात जीप विकली, गुडघा साथ देत नाही असं सांगितलं, आणि घाट उतरून जळगाव जामोदला किराणा दुकान टाकलं. दुकानाच्या दारातून सातपुडा दिसतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते मला पटतं. त्यानंतर मी एकदाही घाट चढलो नाही. मेव्हण्याचं घर बुलढाण्याला, तिथली बारशी, साखरपुडे, एक मयतसुद्धा, सगळीकडं कमल एकटी गेली आणि माझा गुडघा सांगून आली.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. कमलच्या सख्ख्या भावाची एकुलती एक लेक. पत्रिका आली त्या दुपारी कमल दुकानात येऊन पोत्यावर बसली आणि तिनं फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला. उटीची निळी-पिवळसर छोटी गाडी, मागून ढकलणारं वाफेचं इंजिन, बाजूला खोल दरी. मी नजर फिरवली.

"आगगाडीनं डोंगर चढू," ती म्हणाली. "तिथं ष्टेरिंग तुमच्या हातात नाही. चढा अन् उतरून दाखवा, मग भाचीच्या लग्नाले घाट चढू. नाई जमलं तर मी यापुढं कधी म्हणणार नाई."

"अन् गुडघा?" मी म्हटलं.

"गुडघ्याले सीट आहे ना तिथं," ती म्हणाली आणि उठून गेली.

एवढीच अट. बोलायला सोपी. पण ती "यापुढं कधी म्हणणार नाई" म्हणाली, त्याचीच मला जास्त भीती वाटली. कमल शब्दाला पक्की आहे. ती एकदा म्हणणं सोडून देईल, आणि मग मी आयुष्यभर घाटाखालीच बसेन, हे मला दिसत होतं.

तर नियोजन. या गाडीची तिकिटं साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडतात आणि चहा निवायच्या आत संपतात. स्वाती दोन फोन घेऊन बसली होती. मी मनातून तिकिटं मिळू नयेत म्हणून नवस बोलत होतो, लपवत नाही. मिळाली. मेट्टुपालयम ते उटी जाताना आणि दोन दिवसांनी परत येताना, दुसऱ्या वर्गाची, माणशी तीनशेच्या आसपास. लेक नाचायला लागली.

मग मी ड्रायव्हरची वही काढली. चढताना दरी डावीकडं का उजवीकडं? रोज रात्रीचं जेवण झालं की व्हिडिओ बघायचे आणि लिहायचं. माझा बेत असा होता की डोंगराच्या बाजूला बसायचं आणि भिंत बघत उटी गाठायची. राजूर घाटात तसं जमतं, चढताना एक बाजू, उतरताना दुसरी. मी त्याच हिशेबानं वही भरली. पण ही गाडी बोगद्यातून निघते तेव्हा दरीनं बाजू बदललेली असते, आणि पूल आला की दोन्ही बाजूंना दरी. चार दिवस वही लिहून मला एवढंच कळलं की या गाडीला सुरक्षित बाजूच नाही. वही मी कमलच्या नजरेआड तांदळाच्या पिंपामागं टाकली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सामानात स्वेटर, कानटोपी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एक नारळ. नारळ मी घेतला. घाट उतरण्याआधी तो कुठंतरी फोडायचा होता, कुठं ते ठरलं नव्हतं. कमलनं पिशवीत हात घालून तो बाहेर काढला आणि म्हणाली, नारळाच्या मुलखात जळगाव जामोदहून नारळ नेणारे तुमी पहिलेच. परत ठेवला मात्र तिनं स्वतः, स्वेटरात गुंडाळून.

पहिला दिवस. जळगाव जामोदहून बसनं नांदुरा, तिथून कल्याणकडची गाडी. सपाट मुलूख आहे तोवर मी मजेत होतो, शेजारच्यांना धपाटे वाटले, ड्रायव्हरीचे किस्से सांगितले. इगतपुरीला गाडी थांबली. पुढं कसारा घाटाचा उतार, म्हणून इथं थांबून ब्रेक तपासतात हे मला ठाऊक होतं. खाली लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि मी चादर डोक्यावरून ओढली. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, आणि कमलनंही उठवलं नाही. घाट सरला तेव्हा तिनं चहाचा कप चादरीजवळ आणून धरला. सोंग घेतलेल्या माणसाला चहाचा वास बरोबर येतो. मी उठून बसलो आणि कप घेतला.

कल्याणहून कोइम्बतूरची गाडी मिळते, दीड दिवस लागतो. वरचा बर्थ घेऊ नका, उकडतं. कोइम्बतूरहून मेट्टुपालयम लोकल गाडीनं तासाभराचा रस्ता. स्टेशनजवळच्या लॉजवर बाराशेत खोली मिळाली, गादी बरी होती, गिझर नावापुरता. संध्याकाळी केळीच्या पानावर भात, सांबार आणि तीन भाज्या. वाढणारा माणूस थांबतच नव्हता. कमल पोटभर जेवली.  गावाच्या टोकाला नीलगिरीचा डोंगर भिंतीसारखा उभा होता. आमचा सातपुडा पसरलेला आहे, हा सरळ वर जातो. इथं रस्ता तरी कुठून घालतात, रूळ कसे घातले असतील, या विचारानं मी पान अर्धवट टाकून उठलो.

सकाळी सात दहाला गाडी सुटते. स्टेशनवर तासभर आधी जा, वाफेचं इंजिन जवळून बघता येतं. मी पहिल्यांदा काय बघितलं असेल तर ते इंजिन कुठं आहे. ते सगळ्यात मागं होतं. चढताना ते मागून ढकलतं, आणि सगळ्यात पुढं डब्याच्या ओसरीवर एक माणूस उभा असतो, हातात झेंडा आणि समोर लोखंडी चाक. प्रत्येक डब्याला असा एक माणूस. त्यांना मी आपला ब्रेकवाला म्हणतो. तो चाक फिरवतो, डब्याचा ब्रेक लागतो. हातानं. मी बावीस वर्षं पायानं ब्रेक लावले, पण ब्रेक लावायलाच एक पगारी माणूस ठेवलेला पहिल्यांदा पाहिला. आमचा कप्पा डब्याच्या टोकाला होता, काचेतून त्याची पाठ दिसायची. कप्प्यात समोरासमोर दोन बाकं, दोन्हीकडं दारं, आणि मधून जायला वाट नाही. एकदा बसलात की पुढच्या स्टेशनापर्यंत बसलात.

कल्लारपर्यंत सुपारीच्या बागा, थंड वारा, सगळं छान. पुढं दोन रुळांच्या मधोमध तिसरा दातेरी रूळ सुरू होतो. खालून खडखड आवाज येतो आणि गाडी नाक वर करते. इंजिनाचं दातेरी चाक त्या दातांत अडकत अडकत चढतं. वेग माणसाच्या पळण्याएवढा. माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. मी तो उचलायचो, पुन्हा दाबला जायचा. समोर बसलेल्या नागपूरच्या बाईंनी विचारलं, काका, पायात गोळा आला का? हो म्हटलं. गोळा पोटात होता, पण तेवढं खुलासेवार कोण सांगतो.

पहिला मोठा पूल आला तेव्हा सगळे खिडकीत गेले. मी बाकाची कड धरून फरशीकडं बघत बसलो. फरशीच्या फटीतूनसुद्धा खालचं हिरवं दिसत होतं, म्हणजे त्या बाजूलाही सुटका नाही. बोगद्यात मला बरं वाटायचं. तिथं लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात, आणि अंधारात माझं तोंड कुणाला दिसत नाही. कमल खिडकीला चिकटली होती. एकेक धबधबा, एकेक झाड ती मला सांगत होती, "बघा" असं एकदाही न म्हणता. काय काय दिसतं ते मी तिच्या तोंडून ऐकलं, म्हणून इथं लिहू शकतो: उंच कातळावरून सुतासारखं पडणारं पाणी, निळ्या फुलांची झुडपं, खाली भातुकलीएवढं मेट्टुपालयम. हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं आणि माकडं प्रवाशांचं खातात. तिथं खिडकीत केळं धरू नका. कुन्नूरला इंजिन बदलतं, पुढं डिझेलवर उटी. दुपारी बारा वाजता पोहोचलो. चढलो. अर्धं काम झालं असं लोक म्हणतील, ड्रायव्हर म्हणणार नाही. गाडी चढताना दगा देत नाही, उतरताना देते.

उटीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण मी ती नीट पाहिली नाही. तळं आहे, बाग आहे, चहाचे मळे आहेत, चॉकलेट महाग आहे. दोन दिवस कमल फिरली आणि मी तिच्यासोबत उतरायच्या विचारात फिरलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यासोबत बागेतसुद्धा होता. मी गुपचूप टॅक्सीवाल्याला विचारलं, खाली जायला दुसरा रस्ता? तो हसला आणि म्हणाला, छत्तीस वळणांचा हवा का कमी वळणांचा? डोंगरावर गेलेल्या माणसाला उतरल्याशिवाय घर नाही, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी उटीत कळलं.

परतीची गाडी दुपारी दोनला, कप्पा पुन्हा टोकाचाच, आणि नागपूरच्या बाईही त्याच गाडीला. कुन्नूरपर्यंत मी कसाबसा आलो. तिथं गाडी बराच वेळ थांबते, कारण पुन्हा वाफेचं इंजिन लागतं, या वेळी उताराच्या बाजूला, म्हणजे गाडीला छातीनं अडवत खाली नेतं. लोक चहा प्यायला उतरले, आम्हीही उतरलो. आमचा ब्रेकवाला, चाळिशीचा सडसडीत माणूस, ओसरीवर उभा होता. त्यानं चाक पूर्ण आवळलं. खाली दुसरा माणूस वाकून चाकांजवळ हात लावून बघत होता. त्यानं हात वर केला, ब्रेकवाल्यानं चाक सैल सोडलं. मग पुन्हा आवळलं. पुन्हा सोडलं.

दोनदा.

मी चहाचा कप हातात धरून तिथंच उभा राहिलो. माझ्या मोडक्या हिंदीत त्याला विचारलं, हे रोज करता? त्याची हिंदी माझ्यापेक्षाही मोडकी होती.

"रोज, सर. कल अच्छा था, आज का आज देखना।"

"लेट हो गया तो?"

"तो लेट," तो म्हणाला आणि हात पुसायला लागला.

माझ्या डोळ्यांपुढं तो शेंदराचा दगड आला. मागं गेलेला. कमल शेजारी उभी होती, वाकड्या हातात कप धरून. मला वाटलं आता नाही बोललो तर मी या गाडीत बसू शकणार नाही, आणि बसलो तरी लग्नाला जाऊ शकणार नाही. भीती घाटाची नव्हतीच बहुतेक. ती हे सांगण्याची होती.

"कमल, त्या दिवशी मी दगडापाशी थांबलो नाही," मी म्हटलं. "ब्रेक बघितलाच नाही. तुझा हात माझ्यामुळं गेला. शाल फुकटची घेतली."

 तिनं कप खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली. "गाडी थांबली नाई तवाच मी हात जोडले, तुमच्या वाटचे. दोन वळणं गेली तरी सोडले नाई. म्हणून तर दांडी धरायले हात मोकळा नव्हता."

मला वाटत आलं होतं की ती मागं डोळे मिटून बसली होती. नऊ वर्षं मी त्या डोळे मिटण्याच्या आधारावर जगलो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, लोक तुमाले शाल पांघरून राह्यले होते, मी मधात काय बोलू? मग वाटलं, एक दिवस तुमीच सांगसान. मग वाट पाहायची सवय झाली. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, आणि मग मात्र तिचे डोळे भरले. माझेही भरले. नागपूरच्या बाई लांबून बघत होत्या, बघू दे म्हटलं.

गार्डानं शिट्टी दिली. मी पिशवीतला नारळ काढला, तिथं फोडावा म्हणून. कमलनं माझा हात धरला. इथला नाई हा, म्हणाली, ठेवा. मी ठेवला आणि गाडीत चढलो.

उतरताना मी खिडकीशी बसलो. भीती गेली असं समजू नका. गाडी खाली झुकते तेव्हा सगळं शरीर पुढं ओढलं जातं आणि समोर नुसती हवा दिसते. माझा पाय फरशीवर दाबला गेला. कमलनं तिचं वाकडं मनगट माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाली, दाबा, पण दोनदाच. काचेतून ब्रेकवाल्याची पाठ दिसत होती. प्रत्येक वळणाआधी त्याचे खांदे हलायचे, चाक फिरायचं, डबा जरा थबकायचा. मी त्या खांद्यांकडं बघत राहिलो, आणि मध्ये मध्ये दरीकडं. ती निळी फुलं मी स्वतः पाहिली. साडेपाचच्या सुमाराला मेट्टुपालयमला उतरलो तेव्हा ब्रेकवाल्याशी हात मिळवला. त्याचा तळवा घट्ट्यांनी भरलेला होता.

जायचं असेल तर पावसाळ्यात जाऊ नका, दरडी कोसळून गाडी बंद पडते. तिकीट साठाव्या दिवशी सकाळी आठला. परतीचंसुद्धा गाडीचंच काढा, टॅक्सीनं उतरलात तर अर्धी गोष्ट चुकेल. आणि भीती वाटत असेल तर डब्याच्या टोकाचा कप्पा मिळाला तर बघा, तिथून ब्रेकवाला दिसतो.

भाचीच्या लग्नाला आम्ही बुलढाण्याला गेलो. राजूर घाट चढताना मी बसमध्ये डोळे मिटले नाहीत, एवढंच सांगतो. मेव्हण्यानं मला मांडवाच्या दारात बघितलं आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघा चांगला आहे, म्हटलं. तो कधीच दुखत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं. बस हुकली म्हणून काळी-पिवळीत बसलो, मी पुढं, कमल मधल्या सीटवर. ड्रायव्हर तिशीचा, हसरा. मला ओळखत नव्हता. मागं सगळे मलकापूरची गाडी पकडणारे, उशीर झालेला, आणि तेच सुरू झालं, "चला हो, गाडी सुटते." माथा आला. तो शेंदराचा दगड दिसला. ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही.

"थांबव," मी म्हटलं.

"काका, लोकायची गाडी आहे."

"सुटू दे. थांबव अन् दोनदा ब्रेक दाबून बघ."

मागून बडबड झाली. एक म्हातारे गृहस्थ पुढं वाकून माझ्याकडं निरखून बघायला लागले आणि म्हणाले, तुमीच ना ते, ज्यांनी दहा जण वाचवले होते, शालवाले?  ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, हो, मीच तो. त्या दिवशी मी इथं थांबलो नव्हतो. थांबलो असतो तर वाचवायची वेळच आली नसती.

 मग मागून कमलनं तिचा उजवा हात वर केला, वाकडं मनगट सगळ्यांना दिसेल असा, आणि तसाच धरून ठेवला.

ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय दिला. सोडला. पुन्हा दिला. ब्रेक पक्का होता. मी उतरून दगडावर पिशवीतला नारळ फोडला, तोच उटीला जाऊन आलेला, आणि खोबरं वाटलं. मलकापूरला पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती. दोघंतिघं माझ्याकडं बघत, बडबडत तिकीट खिडकीकडं गेले. त्यांचं चुकलं नाही.

घरी आलो तर दुकानात धूळ बसली होती. काय राहिलं असं विचाराल तर भीती राहिलीच, थोडी. घाटाचं नाव काढलं की पाय अजून दाबला जातो. कमलनं दुपारी भाकरी टाकली, नेहमीसारखी एका बाजूला जाड. मी तिच्यासमोर चुलीपाशी बसलो आणि विचारलं, "अजून दुखतं का?"

"थंडीत दुखतं," ती म्हणाली.

नऊ वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.